जपानी कार्यालय आणि परदेशी नोकरदार

जपानी कंपनीत नोकरीला लागलेल्या परदेशी माणसाला तिथल्या कामाच्या रीती, ज्येष्ठ-कनिष्ठ संबंध आणि निर्णय घेण्याची पद्धत यांच्याशी जुळवून घ्यावे लागते. ऑक्टोबर 2023 मध्ये जपानमधील परदेशी कामगारांची संख्या पहिल्यांदाच 20 लाखांवर गेली आणि पुढच्या वर्षी ती 23 लाखांच्या घरात पोहोचली. त्यांत व्हिएतनाम, चीन आणि फिलिपीन्स या देशांतील लोकांचा भरणा मोठा आहे. भारतीय रहिवासी 50 हजारांहून अधिक आहेत आणि त्यांत संगणक अभियंत्यांचा वाटा लक्षणीय आहे. तोक्योच्या एदोगावा प्रभागातील निशि-कासाई हे त्यांचे ठिकाण. 2000 साल उजाडताना ‘वाय-टू-के’च्या, म्हणजे संगणकांतील तारखेच्या अडचणीच्या, कामासाठी आलेल्या अभियंत्यांनी इथे वस्ती धरली, कारण तोझाई मार्गावरून ओतेमाचीतल्या बँका आणि कंपन्या थेट गाठता येतात. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक एप्रिल 2019 मध्ये याच प्रभागाच्या सभेवर निवडून आले.

जपानला निघालेल्याला प्रशिक्षणवर्गात पहिल्यांदा शिकवतात ते कमरेतून किती वाकावे आणि व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी कसे द्यावे. हे शिकायला हरकत नाही, पण त्यात चुकले तरी परदेशी म्हणून सहज माफी मिळते. माफी मिळत नाही ती दुसऱ्या दोन गोष्टींत : निर्णय कुठे होतो हे न कळणे आणि वाईट बातमी उशिरा सांगणे. नव्याने आलेल्यांची बहुतेक फरफट या दोहोंपायी होते.

दोन्हींचे मूळ नोकरीच्या रचनेत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या जपानी कंपन्यांत आजन्म नोकरी, वयानुसार वाढणारा पगार आणि कंपनीपुरती कामगार संघटना अशी घडी बसली. जेम्स अबेग्लेन यांच्या 1958 मधील पुस्तकामुळे ती जगाच्या नजरेत भरली. महाविद्यालयातून बाहेर पडलेली मुले 1 एप्रिलला एकदम रुजू होतात आणि दर काही वर्षांनी कंपनी त्यांना या खात्यातून त्या खात्यात हलवते. आजची विक्री विभागातली व्यक्ती उद्या मनुष्यबळ विभागात दिसते. ज्यांच्याबरोबर तीस-पस्तीस वर्षे काढायची, त्यांना चारचौघांत उघडे पाडून चालत नाही. ही घडी आता बरीच सैल झाली आहे, कंत्राटी कामगार वाढले आहेत, पण तिच्यातून आलेल्या सवयी टिकून आहेत.

पहिली सवय ‘नेमावाशी’ची. बैठकीआधी संबंधितांना एकेकटे गाठून, त्यांच्या शंका ऐकून, प्रस्तावात फेरफार करून घ्यायचे, म्हणजे नेमावाशी. पुण्याहून आलेला अभियंता बैठकीत उत्साहाने नवी कल्पना मांडतो. समोरचे सगळे मान डोलावतात, ‘हाय, हाय’, म्हणजे ‘हो, हो’, म्हणतात. मग विभागप्रमुख दातांतून हलकेच श्वास ओढतो, मान तिरकी करतो आणि ‘केंतो शिमासु’, म्हणजे विचार करू, एवढे बोलून पुढच्या विषयाकडे वळतो. अभियंता खूश होऊन बाहेर येतो. प्रस्ताव तिथेच बारगळला आहे, हे त्याला महिन्याभराने उमगते. (आपल्याकडच्या ‘बघू नंतर’मध्ये वाढलेल्या माणसाला हे कळायला इतका वेळ लागू नये, पण परभाषेत आपण शब्दांवरच विसंबतो.) त्याने करायला हवे होते ते असे : एका कागदावर मावेल असा आराखडा घेऊन आधी शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठाकडे जाणे, मग ज्या विभागाचे काम वाढणार आहे तिथल्या माणसाकडे आणि शेवटी प्रमुखाकडे. ज्याची सर्वांत जास्त अडचण होणार, त्याला प्रमुखाच्या आधी भेटणे शहाणपणाचे. बैठक झालेल्या निर्णयावर शिक्का मारण्यासाठी असते.

शिक्का हा शब्द इथे शब्दशः घ्यावा. ‘रिंगी’ पद्धतीत लेखी प्रस्ताव खालून वर फिरतो आणि प्रत्येक टेबलावर त्यावर नावाचा लाल शिक्का, म्हणजे ‘हांको’, उमटतो. करोनाकाळात कर्मचाऱ्यांना केवळ शिक्के मारण्यासाठी लोकलने कार्यालयात यावे लागले, तेव्हा त्यावर बरीच टीका झाली. 2020 मध्ये प्रशासकीय सुधारणा मंत्री तारो कोनो यांनी सरकारी कागदांवरील शिक्के काढून टाकण्याचा धडाका लावला. अनेक कंपन्यांत शिक्का आता संगणकाच्या पडद्यावर उमटतो, पण कागदाचा प्रवास तोच राहिला आहे. निर्णयाला वेळ लागतो. मात्र एकदा तो झाला की अंमलबजावणीत कुणी खोडा घालत नाही. घाईत असलेल्या परदेशी माणसाला यातला पहिला भाग तेवढा दिसतो.

दुसरी सवय ‘होउ-रेन-सो’ची. कळवणे, संपर्कात राहणे आणि सल्ला घेणे यांची ही आद्याक्षरी जपानी नवख्यालाही पहिल्याच आठवड्यात पाठ करवतात. पुण्यातून तोक्योसाठी काम करणाऱ्या भारतीय संघांची खरी कसोटी इथे लागते. समजा, चाचणीचे काम शुक्रवारी द्यायचे आहे आणि बुधवारी सकाळीच दिसते आहे की एक भाग अडला आहे. पुण्यातला प्रमुख म्हणतो, ‘होऊन जाईल, पोरं रात्री थांबतील.’ गुरुवारीही तेच. शुक्रवारी संध्याकाळी कळवले जाते की सोमवार उजाडेल. तोक्योतल्या व्यवस्थापकाचा पारा चढतो तो तीन दिवसांच्या विलंबामुळे कमी आणि बुधवारी काही न सांगितल्यामुळे जास्त, कारण त्याच भरवशावर त्याने पुढे ग्राहकाला शब्द दिलेला असतो. मग कारणमीमांसेचा आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करणार याचा लेखी अहवाल मागितला जातो. टोयोटाच्या कारखान्यातून रूढ झालेली पाचदा ‘का?’ विचारण्याची रीत इथे कामाला येते. ‘टेस्टरकडून चूक झाली’ या उत्तरावर तिथले लोक थांबत नाहीत. ती चूक कामाच्या पद्धतीने होऊ कशी दिली, हे त्यांना हवे असते. नवखा भारतीय हा अहवाल शिक्षा समजतो आणि शक्य तितका छोटा लिहितो, त्यामुळे प्रकरण आणखी चिघळते.

वेळेबाबत बरेच बोलले जाते, म्हणून इथे थोडक्यात. लोकल पाच-दहा मिनिटे उशिरा आली तरी स्थानकावर विलंबाचा दाखला मिळतो आणि तो कार्यालयात दाखवायचा असतो. संध्याकाळची वेळ मात्र कुणी इतकी काटेकोर पाळत नाही. वरिष्ठ बसला आहे म्हणून कनिष्ठही बसून राहतो. अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला जपानमध्ये ‘कारोशी’ असे स्वतंत्र नाव आहे, आणि तो रोखण्यासाठी 2014 मध्ये कायदा झाला. 2018 च्या कायद्याने जादा कामाला सर्वसाधारणपणे महिन्याला 45 आणि वर्षाला 360 तासांची मर्यादा घातली. ती एप्रिल 2019 पासून मोठ्या कंपन्यांना आणि वर्षभराने लहान-मध्यम कंपन्यांना लागू झाली. दहा किंवा अधिक दिवसांची भरपगारी रजा असलेल्याला वर्षातून किमान पाच दिवस ती घ्यायला लावणे आता मालकावर बंधनकारक आहे. रजेवरून परतताना सर्वांसाठी खाऊ आणायची पद्धत आहे आणि तो एकेका वेष्टनात गुंडाळलेला असावा लागतो, त्यामुळे सुट्या बाकरवडीपेक्षा चिक्की बरी पडते.

कामानंतरच्या ‘नोमिकाई’त, म्हणजे एकत्र खाण्यापिण्यात, दिवसा न बोललेले बोलले जाते. दारू न पिणाऱ्याला आता फारसा आग्रह होत नाही. ऊलाँग चहाचा पेला चालतो. शाकाहारी माणसाचे मात्र हाल होतात. साध्या मिसो सूपमध्येही बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो, म्हणून तो उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगांवर आणि बटाट्याच्या चिप्सवर वेळ निभावतो. शेवटी बिल बहुधा सर्वांत सारखे वाटले जाते. तरीही महिन्यातून एकदा जावे, कारण नेमावाशीचे निम्मे काम तिथेच होते.

सगळीच कार्यालये अशी नाहीत. राकुतेनने 2012 पासून इंग्रजी ही कामकाजाची भाषा केली आहे, आणि परदेशी कंपन्यांच्या तोक्यो शाखांत रीतिरिवाज मिश्र असतात. अस्सल जपानी कंपनीत मात्र जपानी भाषापरीक्षेची किमान एन-टू पातळी बहुधा मागितली जाते. पुण्यात जपानी शिकण्याची जुनी परंपरा आहे आणि तिच्यातून ‘ब्रिज एसई’ हा पेशा वाढला. तोक्योतला ग्राहक आणि पुण्यातला संघ यांच्यामध्ये उभा राहणारा हा अभियंता प्रत्यक्षात बुधवारची वाईट बातमी बुधवारीच पोहोचवण्यासाठी नेमलेला असतो. तो पुण्यात बसत असेल, तर तोक्योतील सकाळी नऊची बैठक त्याच्यासाठी पहाटे साडेपाचला सुरू होते.