हायड्रिला गेली, जलपर्णी आली

चंचुपात्रात पाणी, पाण्यात हायड्रिलाच्या काड्या, त्यांवर उपडं नरसाळं आणि नरसाळ्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. प्रकाशसंश्लेषणाची ही आकृती न काढता महाराष्ट्रात कुणी शाळा पार केली असेल असं वाटत नाही. उन्हात ठेवलं की काडीच्या कापल्या टोकातून बुडबुड्यांची बारीक माळ निघते. नळीत जमलेल्या वायूने विझत आलेली काडी पुन्हा पेटते आणि वर्ग ‘आऽ’ करतो. वनस्पतिशास्त्रज्ञ धाकट्या लिनियसने 1782च्या सुमारास हायड्रिलाची शास्त्रीय नोंद केली, तीही भारतातल्या नमुन्यांवरून. म्हणजे ही आपलीच. पण पाणवनस्पती घराच्या दिवाणखान्यात शिरल्या त्या लंडनमार्गे.

नॅथॅनियल वॉर्ड हा लंडनचा डॉक्टर. गिरण्यांच्या धुराने त्याचे नेचे जगत नसत. 1829मध्ये त्याने पतंगाचा एक कोष ओल्या मातीसकट बाटलीत बंद करून ठेवला होता. पतंगाचं काय व्हायचं ते झालं, पण त्या मातीतून नेचा आणि गवत उगवून आलं. वाफ काचेवर जमायची, तीच खाली झिरपायची. वरून पाणी घालायची गरजच नाही. 1833मध्ये वॉर्डने अशा बंद पेट्या जहाजावर चढवून थेट सिडनीला धाडल्या आणि रोपं जिवंत पोचली. एरवी खारा वारा आणि गोड्या पाण्याची टंचाई यांमुळे बोटीवर रोपं वाटेतच मरत. 1850च्या आसपास वनस्पतिसंग्राहक रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधला चहा हिमालयाच्या पायथ्याशी आणला तो याच पेट्यांतून. तेव्हा सकाळचा कप हातात घेताना त्या पतंगाची आठवण काढायला हरकत नाही.

पेटीत माती होती, तिथे पाणी घालायचं राहिलं होतं. ते केलं रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने. काचपात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाचं एक रोप. वनस्पती प्राणवायू देते, मासे खत देतात, असा साधा हिशेब. पण कुजकी पानं साचून पाणी गढूळ व्हायला लागलं. मग त्याने गोगलगायी सोडल्या; त्या कुजकं खात राहिल्या आणि पाणी निवळलं. हे टिपण 1850मध्ये छापून आलं. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर 1845मध्ये उठला होता, काच स्वस्त झाली होती. निसर्गअभ्यासक फिलिप गॉसचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ 1854मध्ये निघालं आणि घरोघरी पेट्या मांडायचं वेडच लागलं. आज पुण्यात जो ‘प्लांटेड टँक’ सजवला जातो, त्याचं मूळ या गोगलगायींपाशी.

छंद वाढला की व्यापार येतो. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडातल्या टँपाच्या एका विक्रेत्याने श्रीलंकेतून हायड्रिला मागवली, ‘इंडियन स्टार व्हाइन’ अशा झोकदार नावाने. ती टँकमधून कालव्यात गेली. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या संस्थानांत पसरलेली हायड्रिला फक्त मादी झाडांची आहे. बी धरायचा प्रश्नच नाही. तरी मैलोगणिक तळी भरली, कारण काडीच्या एका पेरातूनही नवं झाड उभं राहतं आणि चिखलातल्या गाठी काही वर्षं दम धरून बसतात. भारतातल्याच हायग्रोफिला पॉलिस्पर्माचंही तेच: 1945च्या सुमारास छंदासाठी तिकडे नेली आणि आता ती तिथल्या सरकारच्या उपद्रवी तणांच्या यादीत हायड्रिलाच्या शेजारी आहे.

उलट्या दिशेने आली ती जलपर्णी. दक्षिण अमेरिकेची ही बाई मुळात शोभेची: फिकट जांभळं फूल, वरच्या पाकळीवर मोरपिसाच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका. कुणालाही आपल्या हौदात लावावीशी वाटेल! एकोणिसाव्या शतकाअखेर ती बंगालात पोचली आणि 1936मध्ये तिच्यासाठी तिथे वेगळा कायदा करावा लागला. पुण्यात मुळा-मुठा, पवना, पाषाणचं तळं उन्हाळ्यात हिरवंगार दिसलं की पाहुणे खूश होतात आणि स्थानिक मच्छरदाण्या काढतात. सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद हे तिचं खत, ते आपण न मागता पुरवतो. महापालिका दरसाल काढते, ती दरसाल येते. पावसात उरलेली भीमेला लागून उजनीकडे निघते.

टँकमध्ये मात्र पाणवनस्पती लाडात वाढतात. पुणेकर छंदिष्टांचं नशीब की खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ आहे. क्लोरीन उडावं म्हणून बादली दिवसभर उघडी ठेवली की भागतं. बोअरचं पाणी जड, ते टाळलेलं बरं. एप्रिल-मेमध्ये पाणी तिशीपार जातं, तेव्हा वर छोटे पंखे लावतात. पानांवर शेवाळ दिसलं तर दिव्याचे तास कमी करायचे. काडीवाली रोपं पंधरवड्यात काचेच्या वर डोकं काढतात. मग कात्रीने शेंडा छाटायचा, तो पुन्हा वाळूत खोचायचा, खालच्या बुंध्याला दोन फुटवे येतात.

छाटणीनंतर बादलीत उरतो तो ढीग नाल्यात वा नदीत ओतू नये. गच्चीवर कडक वाळवला की कुंडीतल्या मातीत जिरतो. वाळलेल्या पेराला फुटवा येत नाही.