प्राध्यापकांना दंड ठोठावणारे विद्यार्थी : मध्ययुगीन बोलोन्यातील विद्यार्थी-शासन

१/
घंटा झाल्यावर शिकवणे लांबवले, तर दंड. अवघड प्रश्न टाळून पुढे सरकले, तर दंड. एक दिवस गावाबाहेर जायचे असेल, तर आधी रजा घेणे आवश्यक. हे नियम विद्यार्थ्यांसाठी नव्हते. ते प्राध्यापकांसाठी होते आणि ते केले होते विद्यार्थ्यांनी. इटलीतील बोलोन्या येथे तेराव्या-चौदाव्या शतकांत विद्यापीठाचा कारभार असा चालत असे. आजचा धागा त्या विद्यार्थी-शासनाविषयी : ते कसे उभे राहिले, कसे चालले आणि त्याची सत्ता कशी ओसरली.

२/
प्रथम एक गैरसमज दूर करू. बोलोन्या विद्यापीठाचे स्थापनावर्ष १०८८ असे सर्वत्र सांगितले जाते. प्रत्यक्षात त्या वर्षी कोणी सनद दिली नाही की कोनशिला बसवली नाही. एकोणिसाव्या शतकात, कवी जोझुए कार्दुच्ची यांच्या नेतृत्वाखालील समितीने हे वर्ष निश्चित केले आणि १८८८ मध्ये आठशेवा वर्धापन साजरा झाला. खरे विद्यापीठ हळूहळू घडत गेले. अकराव्या शतकाच्या अखेरीस व बाराव्याच्या प्रारंभी इर्नेरियस नावाचा पंडित तेथे सम्राट जस्टिनियनच्या रोमन कायद्याचे विवरण करू लागला आणि ते ऐकण्यासाठी युरोपभरातून लोक येऊ लागले.

३/
हे येणारे लोक कोण होते, यात पुढच्या साऱ्या कथेचे मर्म आहे. ती पंधरा वर्षांची मुले नव्हती. कायद्याचे विद्यार्थी बहुधा विशीतले वा तिशीतले प्रौढ पुरुष असत. अनेकांचे आरंभीचे शिक्षण आधीच झालेले असे. कित्येकांना चर्चच्या पदांचे उत्पन्न होते, काही सरदार घराण्यांतले होते. आजच्या भाषेत त्यांना पदव्युत्तर विद्यार्थी म्हणता येईल. हाती पैसा, जगाचा अनुभव आणि शिकण्याचा विषय कायदा! अशा लोकांनी आपली घटना स्वतःच लिहिली, यात नवल नाही.

४/
तरीही बोलोन्यात ते परके होते, आणि त्या काळी परका म्हणजे जवळजवळ निराधार. नागरिकत्वाचे हक्क स्थानिकांना. एखाद्या जर्मन व्यापाऱ्याने कर्ज बुडवले, तर ते भलत्याच जर्मन विद्यार्थ्याकडून वसूल करण्याची प्रथा होती. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने ११५५ च्या सुमारास दिलेल्या, ‘हाबिता’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्राने ही वसुली निषिद्ध ठरवली. खटला झाल्यास तो आपल्या गुरूपुढे चालवावा की बिशपपुढे, हे निवडण्याचा अधिकारही त्याने विद्यार्थ्याला दिला. मात्र सम्राट दूर होता आणि घरमालक शेजारी. रोजच्या रक्षणासाठी संघटनाच हवी होती.

५/
ती संघटना म्हणजे ‘उनिवेर्सितास’. आज ‘युनिव्हर्सिटी’ म्हटले की इमारती डोळ्यांपुढे येतात, पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ होता संघ, समुदाय. विणकरांचा, व्यापाऱ्यांचा जसा संघ, तसा शिकणाऱ्यांचा. आपल्याकडील ‘श्रेणी’ आठवावी. नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या लेखात गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे कायमची ठेव ठेवल्याची नोंद आहे. स्वतःचे नियम, स्वतःची तिजोरी, स्वतःची पत असलेली संस्था. बोलोन्याच्या विद्यार्थ्यांनी आपली अशीच श्रेणी स्थापन केली आणि ‘विद्यापीठ’ हे नाव पुढे तिच्यावरूनच रूढ झाले.

६/
तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत कायद्याच्या विद्यार्थ्यांचे दोन संघ स्थिर झाले : आल्प्सच्या अलीकडच्यांचा, म्हणजे इटालियनांचा, आणि आल्प्सपलीकडच्यांचा. प्रत्येक संघात प्रदेशवार मंडळे होती. त्यांना ‘नात्सिओ’ म्हणत. लोम्बार्ड, तस्कन व रोमन ही अलीकडची. जर्मन, फ्रेंच, इंग्लिश आदी पलीकडची. खुद्द बोलोन्याच्या विद्यार्थ्याला मात्र या संघात स्थान नव्हते. त्याला शहराचे नागरिकत्व होतेच, मग संघाचे कवच कशाला?

७/
प्रत्येक संघाचा प्रमुख म्हणजे रेक्टर. आपल्याकडे रेक्टर म्हटले की वसतिगृहाचा रेक्टर आठवतो. बोलोन्याचा रेक्टर स्वतः विद्यार्थी असे. पात्रतेच्या अटी : वय किमान २४, अविवाहित, धर्मसेवकाचा वेष धारण करणारा, आणि स्वखर्चाने किमान पाच वर्षे कायद्याचे अध्ययन केलेला. मुदत एक वर्षाची. निवड अप्रत्यक्ष : मावळता रेक्टर, मंडळांचे सल्लागार आणि खास नेमलेले मतदार गुप्त मतदान करीत. मतमोजणीवर देखरेख ठेवण्यासाठी डोमिनिकन पंथाचा एक धर्मगुरू, म्हणजे विद्यार्थ्यांच्या गटबाजीबाहेरचा माणूस, बसवला जाई.

८/
रेक्टर एकटा राज्य करीत नसे. मंडळांचे प्रतिनिधी ‘कोन्सिलियारी’, म्हणजे सल्लागार, त्याच्या बरोबरीने निर्णय घेत. महत्त्वाच्या प्रश्नासाठी साऱ्या संघाची महासभा भरे, तीही सान दोमेनिकोच्या मठात, कारण संघाचे स्वतःचे सभागृहच नव्हते. हिशेबासाठी खजिनदार, खटल्यांसाठी प्रतिनिधी, कागदपत्रांसाठी नोटरी आणि वर्गावर्गांत जाऊन सूचना पुकारणारे शिपाई, असा सेवकवर्ग होता. नियम वाटेल तेव्हा बदलता येत नसत. त्यासाठी आठ जणांची समिती होती आणि एरवी वीस वर्षांतून एकदाच दुरुस्ती करायची, असा दंडक होता. प्रसिद्ध कायदेपंडित जोव्हान्नी द’आंद्रेआ यांच्या सहभागाने १३१७ मध्ये तयार झालेली नियमावली आजही अभ्यासकांना उपलब्ध आहे.

९/
आता प्राध्यापकांकडे वळू. त्यांना रेक्टरच्या आज्ञा पाळण्याची शपथ घ्यावी लागे. महासभेत मत मात्र नाही. पाठ सुरू करायचा घंटेवर आणि संपवायचाही घंटेवर. मुख्य व्याख्यानाला पाचही श्रोते मिळवता आले नाहीत, तर त्या दिवशी प्राध्यापक गैरहजर आहे असे मानून दंड होई. गावाबाहेर जायचे, तर परत येण्याची हमी म्हणून रक्कम ठेवावी लागे. आपल्या वर्गांत ‘हे पुढच्या तासाला पाहू’ हे वाक्य कोणी ऐकले नाही? बोलोन्यात अवघड मुद्दा असा तासाच्या अखेरीवर ढकलण्यास मनाई होती.

१०/
अभ्यासक्रम पुरा व्हावा यासाठीची योजना तर फारच काटेकोर होती. ग्रंथाचे ‘पुंक्ता’ नावाचे भाग पाडलेले असत आणि कोणत्या तारखेपर्यंत कोणता भाग संपला पाहिजे, हे ठरलेले असे. वर्षारंभी प्राध्यापकाने सावकाराकडे अनामत ठेवायची. वेळापत्रक चुकले की त्यातून दंड वळता होई. देखरेखीसाठी विद्यार्थ्यांतूनच गुप्त निरीक्षक नेमले जात. प्राध्यापकांच्या चुका रेक्टरला कळवणे हे त्यांचे काम. यातली हेरगिरी आज खटकते, आणि खटकावीही. पण त्यामागचे कारणही ध्यानात घ्यावे : हजार मैलांवरून स्वखर्चाने आलेल्या माणसाला अर्धवट शिकवलेला ग्रंथ परवडणारा नव्हता.

११/
वर्गाबाहेरचे काम याहून निकडीचे होते. घरभाडे वाढू नये म्हणून शहराचे व विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी एकत्र बसून दर ठरवीत. न जुमानणाऱ्या मालकाचे घर विद्यार्थ्यांसाठी बंद. छापखान्याच्या आधीच्या त्या काळात पुस्तक म्हणजे मोठी मालमत्ता. पुस्तकविक्रेते मूळ प्रतीचे सुटे भाग, ‘पेचिया’, नक्कल करण्यासाठी भाड्याने देत. या प्रती शुद्ध आहेत ना, हे तपासण्यासाठी सहा विद्यार्थ्यांची समिती होती, दोन्ही संघांतून तीन-तीन. सदोष पाठ ठेवणाऱ्या विक्रेत्याला दंड. विद्यार्थी-शासन म्हणजे केवळ निवडणुका नव्हेत; भाडे आणि पुस्तके हीच त्याची खरी परीक्षा होती.

१२/
या संस्थांचे दप्तरही बरेच टिकून आहे. जर्मन मंडळाच्या जमाखर्चाच्या नोंदी १२८९ पासून मिळतात : प्रवेशशुल्क किती आले, उत्सवाला आणि मेणबत्त्यांना किती गेले. १४९६ च्या नोंदींत तोरुन गावाहून धर्मकायदा शिकायला आलेल्या एका तरुणाने नऊ ग्रोसेत्ती भरल्याचे दिसते. नाव निकोलस. पृथ्वीला सूर्याभोवती फिरवणारा कोपर्निकस तो हाच!

१३/
येथे एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. पाठांवर विद्यार्थ्यांचे नियंत्रण होते, पदवीवर नव्हते. परीक्षा घेणे हा ‘डॉक्टरां’च्या म्हणजे अध्यापकांच्या स्वतंत्र मंडळाचा अधिकार; आणि पोप तिसऱ्या होनोरियसने १२१९ मध्ये पदवीदानासाठी बोलोन्याच्या आर्चडीकनची संमती बंधनकारक केली. शिकवणे वेळेवर झाले की नाही हे विद्यार्थी पाहत; माणूस शिकला की नाही हे शिक्षक ठरवीत. या विभागणीमुळेच ही व्यवस्था टिकली. आणि तिला लोकशाही म्हणण्याची घाईही करू नये : यात स्त्रिया नव्हत्या, स्थानिकांना मत नव्हते आणि पदे बहुधा सधनांनाच झेपत.

१४/
मग या तरुणांचे शहराने आणि प्राध्यापकांनी ऐकले का? पहिले कारण : ते निघून जाऊ शकत होते. विद्यापीठाला इमारत नव्हती. वर्ग प्राध्यापकांच्या घरी वा भाड्याच्या जागेत भरत. संघाने ठराव केला की ग्रंथ बांधायचे आणि दुसऱ्या शहराची वाट धरायची. १२०४ मध्ये काही जण व्हिचेन्झाला गेले, १२१५ मध्ये आरेझ्झोला. १२२२ मध्ये पादुआला गेलेला गट तेथेच स्थिरावला आणि त्यातून पादुआ विद्यापीठ जन्मले. पुढे गॅलिलिओने जेथे अध्यापन केले, ते विद्यापीठ अशा बहिर्गमनाचे अपत्य आहे.

१५/
परदेशी विद्यार्थ्यांच्या खर्चावर बोलोन्याचे घरमालक, विक्रेते, सावकार जगत होते. म्हणून शहराने प्राध्यापकांकडून अन्यत्र न शिकवण्याची शपथ घेतली, बहिर्गमनाचा कट करणाऱ्यांना जबर शिक्षा ठेवल्या. तरी १३२१ मध्ये ठिणगी पडलीच. एका तरुणीच्या अपहरणाच्या आरोपावरून शहराने एका विद्यार्थ्याला देहदंड दिला आणि विद्यार्थी व प्राध्यापक मोठ्या संख्येने सिएनाला निघून गेले. त्यांना परत आणण्यासाठी शहराला समेट करावा लागला. विद्यार्थी-शक्तीचा हा कदाचित अखेरचा मोठा विजय.

१६/
दुसरे कारण : पैसा. आरंभी प्राध्यापकांचे उत्पन्न विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून येई. ही पद्धत दोघांनाही त्रासाचीच होती. तेराव्या शतकातील नामवंत प्राध्यापक ओदोफ्रेदुसने वर्षाअखेरीस भर वर्गात सांगून टाकले की पुढच्या वर्षी तो जादा व्याख्याने देणार नाही, कारण विद्यार्थ्यांना ज्ञान हवे असते, पण पैसे मोजायचे नसतात. १२८० मध्ये विद्यार्थ्यांनी गार्सियास या स्पॅनिश धर्मकायदेपंडिताशी १५० लिरांचा करार केला आणि ती रक्कम द्यावी म्हणून शहराला विनंती केली. शहराने ती मान्य केली.

१७/
त्या दिवशी साऱ्यांनाच हायसे वाटले असेल. वर्गणी गोळा करण्याचा त्रास वाचला, प्राध्यापकाला निश्चित वेतन मिळाले. काही काळ निवड विद्यार्थीच करीत आणि वेतन शहर देई. पण ज्याच्या हाती थैली, त्याच्या हाती किल्ली. चौदाव्या शतकात वेतनी पदे वाढत गेली, नेमणुका शहराकडे सरकल्या आणि अखेरीस ‘रिफोर्मातोरी’ नावाचे नगरनियुक्त मंडळ विद्यापीठाचा कारभार पाहू लागले. रेक्टर निवडले जात होते, शपथा घेतल्या जात होत्या, नियमावलीतले शब्दही फारसे बदलले नव्हते. फक्त प्राध्यापक आता विद्यार्थ्यांचा नोकर राहिला नव्हता.

१८/
याच काळात उत्तर युरोपात दुसरा नमुना रुजला होता. पॅरिसला कलाशाखेचे विद्यार्थी कोवळ्या वयाचे, म्हणून तेथे संघ होता शिक्षकांचा. ऑक्सफर्ड-केंब्रिज त्याच परंपरेतील. आपल्याकडे १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. कारभार नियुक्त फेलोंच्या हाती, विद्यार्थी केवळ परीक्षार्थी. बोलोन्याचा नमुना आपल्यापर्यंत पोहोचलाच नाही.

१९/
१५६३ मध्ये बोलोन्याच्या विद्यापीठाला प्रथमच स्वतःची भव्य वास्तू मिळाली : आर्कीजिन्नासिओ. तिच्या भिंतींवर आणि छतांवर हजारो कुलचिन्हे रंगवलेली आहेत. त्यांतली कितीतरी विद्यार्थ्यांच्या निवडून आलेल्या सल्लागारांची. पाहताना डोळे दिपतात. परंतु ज्या काळी विद्यार्थ्यांचा शब्द शहर हलवीत असे, त्या काळी त्यांच्यापाशी एकही भिंत नव्हती. भिंतीवर मान मिळाला तोवर निर्णय अन्यत्र होऊ लागले होते. रेक्टरचे पद एवढे खर्चीक झाले होते की पुढे ते घ्यायला कोणी धजेना.

२०/
म्हणून बोलोन्याच्या विद्यार्थी-शासनाचा पराभव झाला, असे म्हणणे नेमके नाही. ते कोणी बळाने मोडले नाही. सोयीच्या बदल्यात एक-एक जबाबदारी दुसऱ्याकडे गेली आणि जबाबदारीबरोबर अधिकारही गेला. आजच्या कोणत्याही विद्यार्थी परिषदेकडे पाहताना निवडणूक कशी झाली, एवढेच विचारू नये. तिच्या हाती कोणता खर्च आहे, कोणता हिशेब आहे, कोणता नकार आहे, हे विचारावे. बोलोन्याचे विद्यार्थी कायदा शिकत होते; पण त्यांच्या दप्तरातून आपण शिकावे ते हे की नियम कागदावर राहतात, अधिकार मात्र वापरावा लागतो.

(धागा समाप्त)