एका महिन्याची मुदत

गोमंतकातील जुन्या मराठी घरांत जमिनीचे दस्त आणि जन्माचे दाखले जपून ठेवलेली एखादी पत्र्याची पेटी हमखास सापडते. दाखले पोर्तुगीज भाषेत. त्यांत शेणव्यांचे ‘सिनाय’, कामतांचे ‘कामोतीं’ आणि प्रभूंचे ‘पोरोबो’ झालेले असते. आमच्या लहानपणी ही पेटी जमिनीचा वाद निघाला तरच उघडे. अलीकडे नातवंडे ती उघडतात, ती लिस्बनच्या दप्तरात आपले नाव लावता येईल का, हे पाहण्यासाठी. म्हणून तो सारा इतिहास एकदा नीट सांगावा, असे आम्हांस वाटले.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या बांधवांना नागरिकत्वासाठी काही करावे लागले नाही. संस्थाने विलीन झाली, आणि राज्यघटनेच्या पाचव्या अनुच्छेदाने येथे अधिवास असलेला, येथे जन्मलेला मनुष्य भारताचा नागरिक ठरला. गोव्याची गोष्ट निराळी. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. बाराव्या घटनादुरुस्तीने २० डिसेंबर १९६१ पासून गोवा, दमण व दीव भारतीय संघराज्याचा भाग ठरले. भूमीचा प्रश्न मिटला, माणसांचा उरला.

तो २८ मार्च १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने सोडवला. जो स्वतः, किंवा ज्याचे आईवडील अथवा आजीआजोबा यांपैकी कोणीही, २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जन्मला, तो त्या दिवशी भारताचा नागरिक झाला असे मानले जाईल. अर्ज नाही, शपथ नाही. मात्र ज्याला आपले पूर्वीचे राष्ट्रीयत्व ठेवायचे असेल त्याने आदेश प्रसिद्ध झाल्यापासून एका महिन्याच्या आत प्रशासकाकडे तसे लेखी कळवावे. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी असे कळवल्याचे आमच्या ऐकिवात नाही. नागरिक होण्यासाठी काही करावे लागत नव्हते. न होण्यासाठी मात्र करावे लागत होते.

हा महिना फार तोकडा होता, असे आम्हांस आजही वाटते. त्याच वर्षी १६ ऑगस्टला पुदुच्चेरीचा हस्तांतरण करार अंमलात आला. तेथील फ्रेंच प्रजाजनांना निवड करण्यास सहा महिने मिळाले. तेथे दोन सरकारांमध्ये करार होता. येथे पोर्तुगाल सत्तांतर मान्य करण्यासच तयार नव्हते.

फादर मोंतेरो यांनी मुदतीत पोर्तुगीज राष्ट्रीयत्व ठेवल्याचे कळवले. त्यांना मिळालेला तात्पुरता निवास परवाना १३ नोव्हेंबर १९६४ पर्यंतचा होता. त्यांनी मुदतवाढ मागितली नाही, आणि ते गेलेही नाहीत. परकीय नागरिक कायद्याखाली खटला होऊन ३० दिवसांची साधी कैद व ५० रुपये दंड झाला. व्याप्त प्रदेशातील रहिवाशांना जिनिव्हा करारांनी दिलेले संरक्षण आपल्याला आहे, हा त्यांचा युक्तिवाद. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २६ मार्च १९६९ रोजी सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने तो फेटाळला: प्रदेश सामील करून घेतला गेला तेव्हाच व्याप्ती संपली, आणि तिच्याबरोबर ते संरक्षणही. जन्मभूमीतच परका ठरण्याचा हा प्रसंग आम्हांस आजही अस्वस्थ करतो. पण निवड त्यांची होती, आणि ती त्यांनी उघडपणे केली होती.

३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. तरीही सत्तांतरापूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा आपलेच समजतो, आणि त्यांच्या मुलानातवंडांनाही जन्मनोंदणीचा मार्ग खुला ठेवतो. पोर्तुगाल १९८६ साली युरोपीय समुदायात गेल्यावर त्या कागदाचा भाव वाढला. पुढे कित्येक गोमंतकीय त्यावर इंग्लंडातील स्विंडनपर्यंत पोहोचले. ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडल्याने ती मुक्त वाट २०२० अखेर बंद झाली. उरलेला युरोप खुलाच आहे.

येथेच घरोघरी घोटाळा होतो. ‘आजोबांचा हक्क आहे, नवे काही घेत नाही’ असे मुले म्हणतात. लिस्बनच्या दृष्टीने ते खरेही असेल. परंतु आपला १९५५ चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. त्याच्या नवव्या कलमानुसार जो स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतो, त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. आणि परदेशी पासपोर्ट घेणे हा अशा स्वेच्छेचा निर्णायक पुरावा होय, असे त्याखालील नियम सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच हे नियम ग्राह्य ठरवले. नुसती जन्मनोंदणी झाली, पासपोर्ट घेतला नाही, तर काय, हा वाद गोव्यात वर्षानुवर्षे चालला. लोकप्रतिनिधीही त्यातून सुटले नाहीत. अशा वादाचा निर्णय कायद्याने केंद्र सरकारकडे सोपवला आहे.

तेव्हा पासपोर्ट हाती घेणाऱ्याने भारतीय पासपोर्ट परत करावा आणि मतदारयादीतील नाव काढून घ्यावे. पुढे परदेशस्थ भारतीय नागरिक, म्हणजे ओसीआय, या नोंदणीसाठी अर्ज करता येतो. तिने येथे राहता येते, मतदान मात्र करता येत नाही. आमच्या नात्यातील एका मुलाने हे सारे ऐकून घेतले, आजोबांचा दाखला घडी घालून पुन्हा पेटीत ठेवला आणि म्हणाला, ‘आजोबा, विचार करायला मला किती दिवस आहेत?’ त्याला कोणतीच मुदत नाही.