रुग्णालयातील उपासमार आणि शिरेवाटे अन्न

शस्त्रक्रियेआधी घटलेले वजन आणि त्यानंतरचा मृत्यू यांचा निकटचा संबंध अमेरिकेतील क्लीव्हलंडचे शल्यचिकित्सक हायरम स्टडली यांनी 1936 मध्येच आकड्यांनिशी दाखवला होता. पेप्टिक अल्सरच्या, म्हणजे जठराच्या किंवा त्यालगतच्या आतड्याच्या व्रणाच्या, ज्या रुग्णांचे वजन पाचव्या हिश्श्याहून अधिक उतरले होते, त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश दगावले; इतरांत हे प्रमाण 3.5 टक्के होते. मात्र आतडे निकामी झालेल्या रुग्णाला जगवण्याचे साधन तेव्हा नव्हते, कारण 5 टक्के ग्लुकोजच्या एक लिटर सलाईनमधून 200 कॅलरीही जेमतेम मिळत आणि द्रावण तीव्र केले की हाताच्या शिरा सुजून रक्ताच्या गुठळ्यांनी बंद पडत.

ही कोंडी फोडण्याची वाट रोबेर ओबानियाक या फ्रेंच शल्यचिकित्सकाच्या तंत्रातून निघाली. जत्रुकाखालील, म्हणजे गळ्यालगतच्या आडव्या हाडाखालील, मोठ्या शिरेत सुई घालण्याची रीत त्याने 1952 मध्ये प्रसिद्ध केली. तेथून नळी हृदयाजवळच्या महाशिरेपर्यंत नेली, की रक्ताच्या मोठ्या प्रवाहात तीव्र द्रावणही तत्काळ विरळ होते. याच तत्त्वावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जोनाथन ऱ्होड्स यांच्या मार्गदर्शनाखाली स्टॅन्ली डड्रिक यांनी बीगल जातीची पिल्ले केवळ शिरेवाटे दिलेल्या ग्लुकोज, प्रथिनांचे घटक, क्षार आणि जीवनसत्त्वांवर वाढवली. आणि 1967 मध्ये फिलाडेल्फियात, लहान आतडे जवळजवळ नसलेल्या एका नवजात मुलीचे वजन आणि उंचीही याच मार्गाने वाढली. तोंडात घासही न जाता मूल वाढू शकते, हे सिद्ध होणे ही विसाव्या शतकातील वैद्यकाची थोर कामगिरी मानली पाहिजे. स्निग्ध पदार्थांसाठी स्वीडनमध्ये आर्विद व्रेटलिंड यांनी सोयाबीनच्या तेलाचे शिरेतून देता येणारे सुरक्षित पायस (इमल्शन) त्याआधीच, 1960 च्या दशकाच्या आरंभी, सिद्ध केले होते.

साधन आले, पण रुग्णांच्या पोषणाकडे लक्ष मात्र गेले नाही. 1974 मध्ये अलाबामाचे चार्ल्स बटरवर्थ यांनी रुग्णालयांवर उघड ठपका ठेवला, की तेथे रुग्णाची उंची-वजने नोंदलीच जात नाहीत, तपासण्यांसाठी जेवणे चुकवली जातात आणि दिवसेंदिवस केवळ ग्लुकोजचे सलाईन चालू राहते. हा दोष यंत्रांच्या अभावाचा नव्हता, तर अन्नाला उपचार न मानण्याचा होता. ब्रिटनमध्ये 2003 साली सर्वत्र वापरण्यासाठी मांडलेली कुपोषण-चाचणी उंचीच्या मानाने वजन, नकळत झालेली वजनघट आणि आजारामुळे पाच दिवसांहून अधिक काळ अन्न बंद राहण्याची शक्यता, एवढ्याच गोष्टी तपासते; त्यासाठी वजनकाटा आणि उंची मोजण्याची पट्टी पुरते.