आपण किती समाधानी आहात?

फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये डबा खात होते. नॅकची टीम येणार होती, त्यामुळे रोज काही ना काही भरायचं असायचंच. या वेळी होतं 'शिक्षक समाधान सर्वेक्षण'. ग्रंथालय, पार्किंग, कँटीनचा चहा, सगळ्याला एक ते पाच गुण द्यायचे. अकरावा प्रश्न असा: 'प्रसूती रजा, बालसंगोपन व इतर कौटुंबिक सुविधांबाबत आपण किती समाधानी आहात?'

मला पाचवा महिना होता. मी तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. म्हणजे सीएचबी. तास घेतला तर त्या तासाचे पैसे, दिवाळीत आणि उन्हाळ्यात शून्य, आणि जूनमध्ये पुन्हा नव्याने मुलाखत. आदल्याच दिवशी ऑफिसात जाऊन रजेचं विचारलं होतं. आमचे क्लार्क काका सज्जन माणूस आहेत. चष्मा वर करून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला रजा कशाला लागते? तास घेतला नाहीत तर बिल निघणार नाही, एवढंच."

यावर काय बोलणार? ते खरंच होतं.

त्याच महिन्यात स्टाफ मीटिंगमध्ये कुणीतरी चार महिन्यांच्या थकलेल्या बिलांचा विषय काढला, तेव्हा व्यासपीठावरून उत्तर आलं की आपल्या पूर्वसूरींनी ७५ रुपयांत आयुष्य काढलं. टाळ्याही पडल्या. इतिहासवाल्या बाईला राग आला की ती जुने कागद काढते. मी तेच केलं.

७५ रुपयांची गोष्ट खरी आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज. चिपळूणकर, टिळक, आगरकर, वामन शिवराम आपटे, नामजोशी. यांतल्या बऱ्याच जणांना सरकारी नोकरीत कितीतरी जास्त पगार मिळाला असता. (सरकारी कॉलेजांतही सगळं आलबेल नव्हतं म्हणा. त्याच १८८५ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांना गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा कमी पगार देऊ केला गेला. त्यांनी तीन वर्षं पगारच घेतला नाही.) पुण्याच्या या मंडळींनी वेगळी रीत काढली: 'आजीव सदस्य'. संस्थेला वीस वर्षं वाहून घ्यायचं, सगळ्यांनी सारखाच पगार घ्यायचा, बाहेर कमाईच्या मागे लागायचं नाही. पगार सुरुवातीला महिना चाळीसच्या आसपास होता. ७५ हा आकडा नंतरचा, गोखल्यांच्या आणि कर्व्यांच्या काळातला. पण या बदल्यात संस्थेनेही काही कबूल केलं होतं. सदस्याच्या आयुर्विम्याची सोय होती, आणि वीस वर्षं भरली की छोटंसं पेन्शन. म्हणजे त्याग होता, पण त्याला करार होता. आमच्या व्यासपीठावरून त्याग तेवढा पुढे आला, करार मागेच राहिला.

आणि हा करारही भांडणावाचून टिकला नाही. टिळक आणि आगरकर यांचं बिनसलं ते संमतिवयावरून, सुधारणेवरून, 'केसरी'वरून, असं आपण शाळेत शिकतो. ते आहेच. पण १८८७ च्या सुमाराला संस्थेत जो खटका उडाला, त्यात एक मुद्दा अगदी घरगुती होता: पगारात पाच रुपयांची वाढ. आगरकरांच्या बाजूचं म्हणणं, संसार वाढलेत, खर्च वाढलेत, भागत नाही. टिळकांचं म्हणणं, संस्था अजून उभी राहतेय, आपण ज्या साधेपणाची शपथ घेऊन आलो तिला हा धक्का आहे. पुढे बाहेरच्या कामांवरून, मिळकतीवरून कुरबुरी वाढत गेल्या. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं तेव्हा कडेलोट झाला आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला.

कॉलेजात असताना मी या भांडणात टिळकांच्या बाजूने होते. तत्त्व म्हणजे तत्त्व. आता मला दिसतं ते वेगळंच. टिळकांच्या घरी कोकणात थोडीफार मिळकत होती. आगरकर टेंभूहून आलेले, वार लावून आणि मिळेल ते काम करून शिकलेले. सारखा पगार दोघांच्या हातात पडला तरी तो सारखा नसतो. पाच रुपये हा एकाला तत्त्वाचा प्रश्न होता, दुसऱ्याला वाण्याच्या उधारीचा. आणि हा हिशेब मांडला जात होता त्या खोलीत एकही बाई नव्हती. चाळीस रुपयांत महिना निभावण्याचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना कुणी विचारलंच नाही की आपण किती समाधानी आहात.

पुढे काय झालं ते वाचताना पोटात गोळा येतो. चिपळूणकर १८८२ मध्येच गेले होते, बत्तिसाव्या वर्षी. ज्यांचा संस्कृत कोश आजही वापरात आहे ते आपटे, फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य, १८९२ मध्ये गेले, पस्तिशीही न गाठता. त्यांच्या जागी आगरकर प्राचार्य झाले आणि दम्याने १८९५ च्या जूनमध्ये गेले. वय ३८. असं सांगतात की अंत्यविधीसाठी लागतील तेवढे पैसे त्यांनी स्वतःच पुडीत बांधून ठेवले होते. ही गोष्ट आपण डोळे पुसत सांगतो, त्यागाची म्हणून. मला ती आता पगारपत्रकासारखी वाचता येते. प्राचार्याला स्वतःच्या सरणाची तरतूद बाजूला काढून ठेवावी लागत होती, आणि मागे यशोदाबाई होत्या.

टिळक गेल्यावर गणित शिकवायला गोखल्यांनी १८९१ मध्ये आपल्या एका जुन्या वर्गमित्राला बोलावलं. धोंडो केशव कर्वे. त्याच वर्षी त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली होती. दोन वर्षांनी त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या बायांशी, पुनर्विवाह केला. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि आपली शिल्लक त्याला दिली. पाच हजारांची आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा.

इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. पॉलिसी कुणासाठी असते? माणूस गेला तर मागे राहणाऱ्या बायकोसाठी आणि पोरांसाठी. बाया एकदा विधवा होऊन त्याची किंमत मोजून आलेल्या होत्या. आता नवऱ्याने विधवांच्या भल्यासाठी, त्या पुन्हा विधवा झाल्या तर कामी येणारा एकुलता एक कागद देऊन टाकला. अण्णांबद्दलचा माझा आदर कमी झालेला नाही. आश्रम उभा राहिला, त्यातून १९१६ चं महिला विद्यापीठ उभं राहिलं, माझ्यासारख्या शिकल्या त्या त्यामुळेच. पण त्या विद्यापीठाच्या पायात बायांचा विमा आहे, हे कोनशिलेवर कुठे लिहिलेलं नसतं. बायांनी 'माझे पुराण' लिहिलं ते बरं केलं.

अण्णांच्या थोरल्या मुलाची गोष्ट आणखी निराळी. रघुनाथराव कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. मूल कधी हवं आणि हवं की नको हे बाईने ठरवावं, एवढंच त्यांचं म्हणणं. १९२५ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. बाप विधवेशी लग्न करूनही प्राध्यापक राहू शकला, मुलाला कुटुंबनियोजनावर बोलून राहता आलं नाही. 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत चालवलं, ओढगस्तीत.

त्यानंतरची वर्षं मी भराभर उलटते, कारण कथा तीच आहे, फक्त भाषा कायद्याची झाली. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला. तो गिरणी-कारखान्यांतल्या बायांसाठी होता. विधिमंडळात आंबेडकरांनी त्याची बाजू लावून धरली होती. देशभराचा कायदा १९६१ चा, आणि सव्वीस आठवड्यांची रजा २०१७ पासून. शिक्षकांचं मात्र दर वेळी काहीतरी अडतं. १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शाळेतून काढलेल्या शिक्षिकेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल लागला की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला 'कामगार' नव्हे. अध्यापन हे उदात्त कार्य आहे, असंही त्यात आलं. २००४ मध्ये ग्रॅच्युइटीच्या कायद्यातूनही शिक्षक बाहेर ठरले. २००९ मध्ये संसदेला तो कायदा दुरुस्त करावा लागला. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचं जुनं पेन्शन राज्यात बंद झालं. उदात्त शब्द कानावर पडला की मी हल्ली पर्स घट्ट धरते.

पण एक निकाल मी मोबाइलमध्ये जपून ठेवला आहे. २००० सालचा, ८ मार्चचा. दिल्ली महानगरपालिकेत हजेरीपटावर रोजंदारीने काम करणाऱ्या बायकांनी प्रसूतीचा लाभ मागितला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो दिला. रस्त्याच्या कामावरच्या बायका. त्यांना कुणी उदात्त म्हटलं नव्हतं, म्हणून त्यांना हक्क मागता आला असेल का? माझ्या वकील मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "तासिकावाल्यांना तो कायदा लागू होतो की नाही यावर भांडावं लागेल. पण आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम भरलंय का, ते आधी बघ. आणि लेखी अर्ज दे."

ऐंशी दिवस. माझी तर नोंद तासांत होते.

फॉर्ममधला अकरावा प्रश्न लाल चांदणीचा होता, रिकामा सोडता येईना. 'लागू नाही' असा पर्याय नव्हता. मी एक गुण दिला आणि पाठवला. मग अर्ज लिहून ऑफिसात गेले. काकांनी तो दोनदा वाचला, खालची तारीख पाहिली.

"काका, गेल्या वर्षभराची माझी हजेरी काढता का? तास नको. मी आले ते दिवस मोजायचेत."

ते काही बोलले नाहीत. कपाटातून मस्टर काढलं, टेबलावर धूळ झटकली, बोट जिभेला लावून पान उलटलं.

"बसा मॅडम, उभ्या राहू नका," ते म्हणाले. "जुलै. बारा."