नावापुरता जॉनी

चक बेरीच्या ‘जॉनी बी. गुड’मधला जॉनी म्हणजे त्याचा पियानोवादक जॉनी जॉन्सन, हे रॉक संगीताच्या पुस्तकांत इतक्या वेळा छापून आले आहे की त्याला पुरावा मागण्याच्या भानगडीत आता कोणी पडत नाही. २००५ मध्ये जॉन्सन वारला, तेव्हा मृत्युलेखांतूनही ‘या गाण्यामागचा खरा माणूस’ अशीच त्याची ओळख करून दिली गेली. माझ्या मते ही ओळख चुकीची आहे, आणि जॉन्सनचे खरे देणे तिच्याखाली झाकले गेले आहे.

पूर्वपक्ष तसा दुबळा नाही. १९५२ च्या ३१ डिसेंबरला जॉन्सनच्या ‘सर जॉन्स ट्रिओ’चा सॅक्सोफोनवादक ऐन वेळी आजारी पडला आणि जॉन्सनने बदली म्हणून बेरी नावाच्या गिटारवाल्याला बोलावले. ही बदली कायमची ठरली. बेरी गाणारा, बोलका, व्यवहाराला पक्का. बघता बघता बँड त्याचा झाला आणि मूळ मालक साथीला बसला. जॉन्सन दारूत बुडालेला असायचा, त्याला ‘नीट वाग बाबा’ असे बजावण्यातूनच शीर्षक सुचले, अशीही एक कथा सांगतात. जॉनी हे नाव जॉन्सनवरून आले, हे तर खुद्द बेरीलाही मान्य होते.

नावापुरते हे सगळे कबूल. पण गाणे ऐका. त्यातला पोरगा लुइझियानात, न्यू ऑर्लिन्सजवळच्या रानात, लाकडी झोपडीत राहतो; त्याला धड लिहिता-वाचता येत नाही; आणि तो गिटार वाजवतो. जॉन्सन वेस्ट व्हर्जिनियातल्या फेअरमाँटचा. लहानपणापासून पियानोवर बसलेला, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मरीन दलात गेलेला आणि तिथल्या जॅझ वाद्यवृंदातही वाजवलेला. या दोघांत नावाखेरीज काय जुळते? ‘गुड’ या आडनावाचा उगमही वेगळा आहे. बेरीचा जन्म सेंट लुइसमधल्या गुड ॲव्हेन्यूवरच्या घरातला. म्हणजे पहिले नाव साथीदाराचे, आडनाव स्वतःच्या गल्लीचे.

आपल्या आत्मचरित्रात बेरीने हा जॉनी कमीअधिक प्रमाणात आपणच असल्याचे लिहिले आहे. तेही शब्दशः घेऊ नये. बेरीची आई शिक्षिका होती, घरात पुस्तके होती. अडाणी पोर त्याच्या घरात कुठून येणार? लुइझियानाची निवडही आठवणीतून आलेली नाही. पकडून आणलेल्या आफ्रिकी माणसांची विक्री न्यू ऑर्लिन्सच्या आसपास व्हायची, असे त्याने ऐकले होते, म्हणून गोष्ट तिथून सुरू केली. मूळ ओळीत तो मुलाला ‘काळा’ म्हणत होता. रेडिओवर गाणे वाजणार नाही म्हणून त्याने त्याला ‘गावाकडचा’ केला. एका शब्दाच्या बदलाने गोऱ्या श्रोत्यांना हा पोरगा आपलाच वाटू लागला. हे सगळे पाहिल्यावर जॉनी कुणा एकाचा नाही, हे कळायला फार विद्वत्ता लागत नाही.

आता सर्वांत अवघड जागा. १९५८ मध्ये चेस कंपनीने काढलेल्या मूळ ध्वनिमुद्रणात पियानोवर जॉन्सन नाहीच, लफायेट लीक आहे. बासवर विली डिक्सन, ड्रम्सवर फ्रेड बिलो. गिटारच्या मागे वरच्या पट्टीत सतत खळखळत राहणारा तो पियानो लीकचा. १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांवर जी सोनेरी तबकडी चढवली, तीत हे गाणे आहे. ताऱ्यांमधल्या अवकाशात पोहोचलेला पियानोही लीकचाच. आणि ज्या आरंभीच्या गिटारने जग वेडे झाले, ती लुई जॉर्डनच्या १९४६ च्या एका गाण्यात कार्ल होगनने जवळजवळ सुरावटीसकट वाजवून ठेवली होती. बेरीने होगनचे ऋण कधी लपवले नाही. गाण्यातल्या एखाद्या वादकाला ‘खरा प्रेरक’ म्हणायचेच असेल, तर मान होगनचा आहे. पण त्याचे नाव शीर्षकात नाही, म्हणून त्याची आठवण कोणाला होत नाही.

आपल्याकडेही असेच एक उदाहरण आहे. १९७७ च्याच ‘अमर अकबर अँथनी’मध्ये अंड्यातून बाहेर पडणारा अँथनी गोन्साल्विस सगळ्यांना आठवतो. चित्रपटाचे संगीतकार प्यारेलाल यांनी ते नाव घातले ते गोव्यातल्या माजोर्ड्याच्या आपल्या व्हायोलिनगुरूंच्या आदरापोटी. पण पडद्यावरच्या दारूवाल्याचा आणि भारतीय राग पाश्चात्त्य वाद्यवृंदात बसवू पाहणाऱ्या त्या गंभीर संगीतकाराचा काडीचाही संबंध नाही. गुरूंचे काम समजून घ्यायला ते गाणे ऐकून भागत नाही.

जॉन्सनच्या बाजूने एक अधिक तगडा युक्तिवाद आहे, आणि तो ‘रोलिंग स्टोन्स’चा गिटारवादक कीथ रिचर्ड्स याचा आहे. १९८६ मध्ये बेरीच्या साठीनिमित्त सेंट लुइसला जे कार्यक्रम झाले, त्यांवर ‘हेल! हेल! रॉक अँड रोल’ हा चित्रपट निघाला. त्यात रिचर्ड्सचे म्हणणे असे की बेरीची गाणी ई फ्लॅट, बी फ्लॅट अशा स्वरांत आहेत. गिटारवाला आपण होऊन तिथे जात नाही, ते पियानोचे प्रदेश. म्हणून चाली जॉन्सनच्या. निरीक्षण बिनतोड आहे, निष्कर्ष मात्र घाईचा. हे स्वर सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटचेही आहेत, आणि बेरी ज्या लुई जॉर्डनवर पोसला तो सॅक्सोफोनवाला. स्वरावरून साथीला कोण बसले होते याचा अंदाज बांधता येतो. चाल कोणाच्या डोक्यातून निघाली, हे त्याच्यावरून सिद्ध होत नाही.

तरीही रिचर्ड्स योग्य दारावर टकटक करत होता. जॉन्सनचा हिस्सा शोधायचा तर १९५५ च्या ‘मेबेलीन’पाशी जायला हवे. जुन्या ‘आयडा रेड’ या गावठी धूनवर बेतलेल्या त्या गाण्यात आणि विशेषतः त्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूवरच्या ‘वी वी अवर्स’मध्ये जॉन्सन स्वच्छ ऐकू येतो. ‘वी वी अवर्स’ संथ ब्लूज आहे. बेरीची ओळ संपते न संपते तोच पियानो तिला उत्तर देतो, आणि गिटार मागे सरून बसते. इथे बेरी गातो खरा, पण मैफल जॉन्सनची आहे.

‘मेबेलीन’चे कर्तृत्व कागदोपत्री कोणाच्या नावावर गेले, तेही पाहण्यासारखे आहे. बेरीबरोबर रेडिओवाला ॲलन फ्रीड आणि रस फ्रॅटो यांची नावे चढली. दोघांनीही त्यात एक सूर घातला नव्हता. फ्रीडने गाणे वाजवावे म्हणून ही दक्षिणा. ज्या धंद्यात काहीही न करणाऱ्याला लेखकपद मिळते, तिथे पियानोवर बसून घाट घालणाऱ्याचे नाव नसणे हा काही पुरावा होत नाही.

२००० मध्ये जॉन्सनने बेरीवर दावा लावला. पन्नासहून अधिक गाण्यांच्या संगीतात आपला वाटा आहे, असे त्याचे म्हणणे होते. शब्द बेरीचेच, हे त्याला मान्य होते. न्यायालयाने दावा फेटाळला तो मुदत केव्हाच उलटून गेली म्हणून. चाली कोणाच्या, या प्रश्नात ते शिरलेच नाही. आणि नेमक्या त्याच प्रश्नाऐवजी एका नावावर आपण अजून वाद घालतो आहोत. जॉन्सनला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये २००१ साली घेतले, ते साथीदारांच्या वर्गात. बेरी तिथे १९८६ च्या पहिल्याच तुकडीत पोहोचला होता.