एका मूत्रपिंडावर जगताना

कर्करोग, मुतखड्याने निकामी झालेले मूत्रपिंड किंवा आप्तासाठी अवयवदान, अशा कारणांनी एक मूत्रपिंड काढावे लागते. या शस्त्रक्रियेस नेफ्रेक्टॉमी म्हणतात. एका मूत्रपिंडावर जगता येते का, हे गुस्ताव सिमॉन यांनी आधी कुत्र्यांवर पडताळले आणि १८६९ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ती यशस्वी केली. १९९० पासून ती दुर्बिणीद्वारेही होते. रुग्ण साधारणतः दोन ते चार दिवसांत घरी जातो.

खरी कसोटी त्यानंतरची. सुमारे सहा आठवडे जड वजन उचलणे वर्ज्य असते. धाराशिव जिल्ह्यातून ऊसतोडणीस जाणाऱ्या मजुराचे तर डोक्यावर मोळी वाहणे हेच काम! हंगाम बुडेल या धास्तीने तो लवकर फडात उतरला, तर जखमेच्या जागी हर्निया होऊ शकतो.

उरलेले मूत्रपिंड काही महिन्यांत आकाराने वाढून बरेचसे जादा काम पेलते. मात्र उन्हात पाणी कमी पिणे आणि अंगदुखीवर औषध दुकानातून परस्पर डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या घेणे त्यास घातक ठरते. दरवर्षी रक्तदाब, रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. ताप आल्यास, जखमेतून पू आल्यास किंवा लघवी कमी झाल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.